७२३ पुस्तकं आणि एक सोफा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "बार्बरा कार्टलंड या ब्रिटिश लेखिकेच्या नावावर सातशेहून जास्त पुस्तकं आहेत, त्यातल्या बहुतेक प्रेमकादंबऱ्या. एका माणसाच्या हातून हे होऊ शकतं, की दुसऱ्यांकडून लिहून घेतलं? मलाही प्रेमकथा लिहायच्या आहेत. या बाईंकडून काही शिकण्यासारखं आहे का, की नुसत्या जिलब्या पाडल्या?"

होऊ शकतं. जिलब्याही पाडल्या. आणि लिहून तर त्यांनी घेतलंच, पण मजकूर स्वतःच्या तोंडून सांगून. सगळी गंमत त्या सांगण्यातच आहे, म्हणून आधी तेच.

माझ्याबद्दल एक-दोन वाक्यं, म्हणजे कुठून बोलते आहे ते कळेल. अठ्ठावीस वर्षं प्रेमकथांवर घर चालवलं. आधी दिवाळी अंकांसाठी दीर्घकथा, मग वाचनालयांसाठी दहा-दहा फर्म्यांच्या कादंबऱ्या, आणि आता मालिकांचे संवाद. फर्मा म्हणजे सोळा पानं. या धंद्यात प्रकाशक कथानक नंतर विचारतो, "किती फर्मे होतील?" हे आधी. त्यामुळे कार्टलंडबाईंचा आकडा ऐकून मला अचंबा वाटला नाही, हिशेब करावासा वाटला.

तर हिशेब. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये हॅटफिल्डजवळ कॅमफिल्ड प्लेस नावाचं त्यांचं मोठं घर होतं, १९५० मध्ये घेतलेलं. एकेकाळी ते 'पीटर रॅबिट' लिहिणाऱ्या बिएट्रिक्स पॉटरच्या आजोबांचं होतं. तिथे दुपारचं जेवण झालं की बाई सोफ्यावर आडव्या व्हायच्या. अंगावर पांघरूण, पायाशी गरम पाण्याची पिशवी, शेजारी कुत्रं. लेखनिक बाई लघुलिपीची वही घेऊन बसायची आणि या डोळे मिटून बोलायला लागायच्या. दोन-अडीच तासांत सहा ते आठ हजार शब्द, म्हणजे एक प्रकरण. त्यांच्या नंतरच्या बहुतेक कादंबऱ्यांत प्रकरणं सातच असतात. साती सत्ते एकोणपन्नास, म्हणजे पन्नासेक हजार शब्द. सात दुपारी सांगण्यात गेल्या आणि आणखी सात टंकलेखन, दुरुस्ती आणि पुढच्या गोष्टीच्या वाचनात गेल्या असं धरलं, तर पंधरवड्याला एक कादंबरी पडते. १९७६ या एका वर्षात त्यांनी २३ लिहिल्या आणि त्याबद्दल गिनेस बुकात नाव गेलं. पंधरवड्याला एक धरली तर २३ कादंबऱ्यांना शेहेचाळीस आठवडे लागतात. वर सहा आठवडे सुट्टी उरते. यात चमत्कार कुठेच नाही. बँकेतल्या माणसासारखी वेळेवर रोज येणारी दुपार आहे फक्त.

हे करून पाहावं म्हणून मी एकदा भाचीला बसवलं. उन्हाळ्याची सुट्टी होती, तिला चार पैसे हवे होते, मला मान धरल्यामुळे लिहिता येत नव्हतं. मी दिवाणावर, ती खाली चटईवर वही घेऊन. पहिली वीस मिनिटं मस्त गेली. मग नायिका रागाने जिना उतरून गेली, आणि भाची म्हणाली, "मावशी, ती मघाशीच खाली आली होती ना? दूध घ्यायला?" गेली सगळी तंद्री. पण त्या आठवड्यात मला दोन गोष्टी कळल्या. एक, तोंडाने सांगताना मागे जाऊन वाक्य घासता येत नाही, त्यामुळे गोष्ट पुढेच ढकलावी लागते. दुसरी, समोर माणूस बसलेला असला की कंटाळवाणा मजकूर सांगायला लाज वाटते. हवेलीचं वर्णन लांबलं की भाचीची पेन्सिल वहीच्या कोपऱ्यात फुलं काढायला लागायची. तो इशारा कुठल्याही संपादकापेक्षा चोख होता.

आता कार्टलंडबाईंचं कुठलंही उत्तरार्धातलं पुस्तक उघडा. परिच्छेद एका-दोन वाक्यांचे. पानावर पांढरी जागाच जास्त. नायिका बोलते तेव्हा दर तीन शब्दांनी टिंबं: "मला... मला वाटलं... तुम्ही येणार नाही". समीक्षकांनी या टिंबांची यथेच्छ टिंगल केली. मला मात्र त्यात श्वास ऐकू येतो. आडवं पडून बोलणाऱ्या बाईचा श्वास जिथे संपला तिथे परिच्छेद संपला. ही शैली त्यांनी विचार करून घडवली असं मी म्हणणार नाही, पण ती वाचनालयातल्या वाचकाला फार सोयीची पडली. लोकलमध्ये उभं राहून, एका हाताने कडी धरून वाचता येतं असं गद्य आहे ते. आम्हा मालिकावाल्यांना तर ते घरचंच वाटतं.

हे झालं कसं याचं उत्तर. का, हे पाहायचं तर आयुष्याकडे वळावं लागतं.

जन्म ९ जुलै १९०१, बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागातला. घर खाऊनपिऊन सुखी. आजोबा जेम्स कार्टलंड पैशांच्या उलाढालीतले बडे गृहस्थ. १९०३ मध्ये ते बुडाले आणि त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. मोठं घर गेलं, कुटुंब खेड्यात भाड्याच्या घरात आलं. मग १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपायला जेमतेम सहा महिने असताना, वडील फ्रान्समध्ये मारले गेले. आई पॉली खंबीर बाई. तिने लंडनमध्ये कपड्यांचं दुकान काढलं, मुलगी आणि दोन धाकटे मुलगे वाढवले. मुलगी सुंदर, बोलकी, श्रीमंतांच्या मेजवान्यांत बोलावली जाणारी, आणि खिशात दमडी नसलेली. तिने काय करावं? त्या मेजवान्यांतल्या बातम्या वर्तमानपत्राला विकायला सुरुवात केली. 'डेली एक्स्प्रेस'चे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी तिला छोटं, नेमकं लिहायला शिकवलं. 'जिगसॉ' ही पहिली कादंबरी विशीतच आली, आणि तीही उच्चभ्रू लंडनमध्ये पाऊल टाकणाऱ्या मुलीचीच.

माझ्या मते सगळी कार्टलंड इथेच आहे. घर गेलेली मुलगी, आणि तिला पुन्हा घर देणारा कुणीतरी. तिच्या गोष्टीतलं प्रेम हे बहुतेक वेळा छप्पर असतं. १९४९ मध्ये आलेली 'अ हॅझर्ड ऑफ हार्ट्स' बघा. बाप जुगारात आधी वाडा हरतो, मग मुलगीच पणाला लावतो, तीही हरतो आणि जीव देतो. आपल्याला इथे लगेच द्यूतसभा आठवते, पण लिहिणारीच्या मनात कुठले आजोबा होते ते सांगायला नको. वाचणारी म्हणते, काय अतर्क्य कथानक आहे. लिहिणारीने त्यातलं अर्धं दोन वर्षांची असताना पाहिलेलं होतं.

स्वतःच्या लग्नाची कथा मात्र कादंबरीसारखी झाली नाही. १९२७ मध्ये अलेक्झांडर मॅकॉर्कडेल याच्याशी लग्न, १९२९ मध्ये मुलगी रेन, आणि काही वर्षांतच घटस्फोट, कोर्टात एकमेकांवर आरोप करून झालेला. १९३६ मध्ये त्यांनी त्याच्याच चुलत भावाशी, ह्यूशी लग्न केलं. हा संसार सुखाचा झाला, दोन मुलगे झाले. आयुष्यभर अक्षत कौमार्याच्या नायिका लिहिणारी बाई स्वतः घटस्फोटित होती, याकडे बोट दाखवून हसायची पद्धत आहे. मला त्यात ढोंग दिसत नाही. पहिल्या लग्नात जे मिळालं नाही ते सातशे वेळा लिहून काढलं, इतकंच.

मग १९४०. धाकटा भाऊ रोनाल्ड बर्मिंगहॅममधून खासदार झालेला होता, बहिणीने त्याच्या निवडणुकीसाठी पायपीट केली होती. मे महिन्याच्या अखेरीस डंकर्कच्या माघारीत तो आणि सर्वांत धाकटा अँथनी, दोघेही एका दिवसाच्या अंतराने मारले गेले. रोनाल्डचं चरित्र त्यांनी लिहिलं, त्याला चर्चिलची प्रस्तावना आहे. कार्टलंडचं एकच पुस्तक 'सिरीयसली' घ्यायचं असेल तर हे घ्या. त्यात एकही टिंब उगाच नाही.

युद्धातली एक गोष्ट मला फार आवडते. त्या सैन्यातल्या मुलींच्या कल्याणाचं काम पाहत होत्या. कपड्यांवर रेशन, कुपनांशिवाय कापड नाही, आणि लग्न करणाऱ्या मुली गणवेशातच उभ्या राहत होत्या. बाईंनी जाहिराती देऊन लोकांच्या पेट्यांतले जुने लग्नाचे पांढरे झगे विकत घेतले आणि सैन्यातल्या नवऱ्यामुलींना एका दिवसासाठी वापरायला द्यायची व्यवस्था लावली. असे झगे हजारभर जमवले म्हणतात. एकाच झग्यात किती लग्नं लागली असतील! प्रेमकादंबरीचा धंदाही असाच चालतो. झगा एकच, कंबर तेवढी प्रत्येकीच्या मापाने टाचून घ्यायची.

बाकीचे उद्योग भराभर सांगते, नाहीतर पान पुरणार नाही. १९३१ मध्ये विमानाने ओढून न्यायच्या ग्लायडरमधून टपाल नेण्याचा प्रयोग केला, त्याबद्दल १९८४ मध्ये अमेरिकेत विमानउद्योगाचा पुरस्कार मिळाला. नऊ वर्षं हर्टफर्डशरच्या काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, सदस्य होत्या. जिप्सींच्या मुलांना शाळेत जाता यावं म्हणून त्यांना कायमच्या जागा मिळाव्यात यासाठी भांडल्या. जीवनसत्त्वं आणि मध यांचा प्रचार तर इतका, की आपल्याकडच्या च्यवनप्राशवाल्यांनी पाय धरावेत. १९७८ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, प्रेमगीतांची तबकडीही गायल्या. गुलाबी कपडे, पिसं, जाड पापण्या, हे सगळं तुम्ही फोटोत पाहिलंच असेल. तो गणवेश होता. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बाई कधी मेकअप उतरवून विंगेत आल्याच नाहीत.

आता एक भाग, जो सहसा कुणी सांगत नाही. १९६३ च्या डिसेंबरात ह्यू गेले. तोवर बाईंची बासष्टी उलटली होती आणि पुस्तकं बरीच झाली होती, पण गिनेसात जाण्याइतकी नाही. त्या सातशेतली निम्म्याहून अधिक त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर लिहिली. परत वाचा: सत्तरीनंतर. आपल्याकडे त्या वयात लेखकाचा सत्कार करून शाल देतात आणि आत्मचरित्र मागतात. झालं असं, की १९७० च्या दशकात अमेरिकेत स्वस्त कागदी बांधणीच्या पुस्तकांचा बाजार फुगला. त्याच वेळी प्रेमकादंबऱ्यांत शयनगृहाचं दार सताड उघडायला लागलं. बाईंनी ते दार धाडकन लावून घेतलं. लग्नाआधी काही नाही, आणि लग्नानंतर स्वर्ग, ढग, तारे. गोष्टी एकोणिसाव्या शतकात नेऊन ठेवल्या, कारण आजच्या काळात अशी नायिका कुणाला पटणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. परिणामी ही पुस्तकं आई मुलीला बिनधास्त देऊ शकत होती, आणि मुलगी आईला.

हे महत्त्व कळायला आपल्याकडचं उदाहरण पुरे. चंद्रकांत काकोडकर हे आपले शेकडो कादंबऱ्यांचे प्रेमकथाकार. 'दो रास्ते' हा चित्रपट त्यांच्या 'नीलांबरी'वरून निघाला. त्यांची 'श्यामा' १९६२ मध्ये 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या कोर्टात सुटका, उच्च न्यायालयात पंचवीस रुपये दंड, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष. पंचवीस रुपयांसाठी सात वर्षं. तरीही माझ्या लहानपणी काकोडकर गादीखालून बाहेर यायचे, आणि इंग्रजी शाळेतल्या आतेबहिणीकडची कार्टलंड मात्र देवघराच्या फळीवरही चालली असती. गंमत म्हणजे तरुणपणी बाईंचं एक नाटकही सरकारी परीक्षकाने अडवलं होतं, १९२६ मध्ये. त्या धड्यातून त्या काय शिकल्या हे पुढच्या सातशे पुस्तकांत दिसतं.

नक्कल मारल्याचा डागही आहे, तो लपवत नाही. १९५० मध्ये एका वाचकाने जॉर्जेट हेयर या ऐतिहासिक प्रेमकथांच्या नामांकित लेखिकेला कळवलं, की कार्टलंडच्या पुस्तकांत तुमची पात्रं फिरताहेत. हेयरनी पुस्तकं मागवून वाचली. नावं जवळजवळ तीच, प्रसंग ओळखीचे. वर सांगितलेली 'अ हॅझर्ड ऑफ हार्ट्स'ही त्यातच. वकिलाकडे प्रकरण गेलं, कोर्टापर्यंत गेलं नाही. हेयर यांचा खरा संताप मला कळतो. ज्या काळातल्या बोलीवर आपण वर्षानुवर्षं घालवली, ती कुणीतरी उचलावी आणि तीही चुकीच्या जागी वापरावी. पुढे बाईंनी स्वतः वाचायला सुरुवात केली. एका कादंबरीसाठी इतिहासाची वीस-वीस पुस्तकं वाचते असं सांगत, आणि प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला काय खरं आहे याचं टिपण देत. त्या टिपणांत मला कधी कधी कादंबरीपेक्षा जास्त रस वाटतो.

लोकांना आठवतं ते मात्र ब्रिटनच्या युवराज्ञी डायनामुळे. मुलगी रेन हिने १९७६ मध्ये डायनाचे वडील अर्ल स्पेन्सर यांच्याशी लग्न केलं, म्हणून बाई डायनाच्या सावत्र आजी झाल्या. डायना त्यांच्या कादंबऱ्या वाचत मोठी झाली, १९८१ च्या लग्नात मात्र या आजी दिसल्या नाहीत. यावर मी काही जोडत नाही, ती गोष्ट त्यांनी स्वतः लिहिली असती तर शेवट वेगळा केला असता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, काय घ्यावं. दुपार घ्या. रोजची ठरलेली, फोन बंद केलेली. मूडची वाट पाहू नका. मूड हा मानधनासारखा असतो, मागे लागल्याशिवाय येत नाही. कुणाला तरी समोर बसवून एक प्रकरण सांगून पाहा. हल्ली मोबाइल बोललेलं मराठी बऱ्यापैकी टिपतो, पण मोबाइल कंटाळून फुलं काढत नाही, म्हणून शक्यतो माणूस बसवा. आणि एक वही ठेवा, नायिकांच्या नावांची. बाईंच्या नायिकांची नावं बहुतेक 'आ'कारान्त आणि सहसा न ऐकलेली, ते उगाच नाही. मी एकदा दोन वर्षांच्या अंतराने दोन कादंबऱ्यांत नायिका मृण्मयी आणि तिचा नवरा समीर, दोघांचीही नावं परत तीच ठेवली. वाचनालयातल्या एका आजींनी पुस्तक काउंटरवर आपटून सांगितलं, "हिचं लग्न लागलंय आधीच. मी वाचलंय."

काय घेऊ नये? वेग. पंधरवड्याला एक कादंबरी हा हिशेब लेखनिक, स्वयंपाकी, बागवान आणि पन्नासेक वर्षांची तालीम धरून आहे. तुमच्याकडे यातलं काय आहे ते बघा. आणि त्या वेगाची किंमत पानावर दिसतेच. लागोपाठ चार वाचल्या की पाचवीत नायक असलेला ड्यूक कोणत्या पानावर विरघळणार हे आधीच सांगता येतं. मला येतं, सहाव्या प्रकरणात.

बाई २१ मे २००० रोजी कॅमफिल्डमध्येच गेल्या, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या असताना. दफन झालं ते पुठ्ठ्याच्या शवपेटीतून, घराच्या आवारातल्या एका ओकच्या झाडाखाली. तो ओक पहिल्या एलिझाबेथ राणीने लावला असं म्हणतात. मागे दीडशेहून जास्त कादंबऱ्या छापायच्या राहिल्या होत्या, त्या मुलगा इयान याने नंतर एकेक करून बाहेर काढल्या.

सुरुवात कुठून करायची असेल तर 'अ हॅझर्ड ऑफ हार्ट्स' घ्या आणि तिच्या जोडीला १९७५ नंतरची कुठलीही एक. पहिली मनात वाचा, दुसरी मोठ्याने. दुसरी वाचताना पाणी जवळ ठेवा.